महागाईचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे आणि परतायचे तेव्हा भुवयांवर कापसाची पिंज असायची. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना पगाराच्या चिठ्ठ्यांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा हाती लागला. 1974 च्या उत्तरार्धापासूनच्या चिठ्ठ्यांवर एक नवी कपात दिसते, सक्तीची ठेव. वाढलेल्या महागाई भत्त्याचा निम्मा भाग हातात न पडता तिथंच अडकलेला. आईला विचारलं, हे काय होतं? ती म्हणाली, "ज्वारी महागली म्हणून भत्ता वाढवला. मग भत्ता दिला तर ज्वारी आणखी महागंल म्हणून तो कापून घेतला. मला बाई त्यातलं काही कळलं नाही."

मला वाटतं, तिला सगळं कळलं होतं.

तो काळ आठवणारी माणसं आता गावात थोडीच उरलीत. 1972 च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. रेशनवर अमेरिकेचा मिलो आला, तो लाल जोंधळा लोकांनी नाक मुरडत खाल्ला. पाठोपाठ 1973 च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव चौपट झाले. घाऊक किमती 1973-74 मध्ये 20 टक्क्यांच्या आसपास चढल्या, पुढच्या वर्षी 25 टक्क्यांच्या आसपास. जुलै 1974 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं एकामागून एक वटहुकूम काढले. नवी पगारवाढ सगळीच्या सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा हिस्सा सक्तीच्या ठेवीत टाकला. जास्त उत्पन्नाच्या प्राप्तिकरदात्यांनाही ठेव सक्तीची झाली, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली. 1975-76 मध्ये घाऊक किमती वाढायच्या सोडून किंचित उतरल्या. आता त्याचं सगळं श्रेय वडिलांच्या अर्ध्या भत्त्याला देता येत नाही. 1975 चा पाऊस चांगला झाला होता, आणीबाणीत साठेबाजांवर छापे पडत होते आणि संप करायची सोय उरली नव्हती. तरी लोकांच्या हातातला पैसा काढून घेतला की मागणी थंडावते, हे जुनं औषध तेव्हा पाजलं गेलं आणि काही प्रमाणात लागूही पडलं.

त्या चिठ्ठ्या हातात घेतल्या की मला मात्र दुसरंच दिसतं. महागाई उतरवायला खर्च येतो आणि तो कुणाच्या तरी खिशातून जातो. सरकारचे कर, खर्च आणि कर्ज यांवर बोलताना आपण तूट किती टक्के यावरच भांडत बसतो. माझं भांडण वेगळं आहे. महागाई रोखायचं बिल कुणाच्या नावावर फाडलं आणि त्याची पावती दिली का, हे मला विचारायचंय.

वर्तमानपत्रात महागाईची बातमी आली की सोबत रिझर्व्ह बँकेच्या इमारतीचा फोटो असतो. 2016 पासून किरकोळ महागाई 4 टक्क्यांवर, दोन टक्के इकडंतिकडं, ठेवायची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर आहे. पण ही महागाई मोजणाऱ्या निर्देशांकाच्या पोटात काय आहे ते बघा. 2012 च्या पायावरच्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, खेड्यांपुरता तर 54. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, वाढवला म्हणून कांदा लवकर पोसत नाही. ज्या देशात महागाई ताटातून येते, तिथं तिचे बरेचसे खटके सरकारच्याच हातात असतात. खाद्यतेलावरचं आयात शुल्क, कांद्यावरचं निर्यात शुल्क, डिझेलवरचा कर, गोदामातला गहू, खताचं अनुदान. यातला कुठलाही खटका दाबा, कुणीतरी वाचतं आणि कुणीतरी भरतं.

हे पाहायला सोलापूर फार सोयीचं गाव आहे, कारण इथं वाचणारा आणि भरणारा शेजारी शेजारी राहतात. हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जाऊन बघा. कांद्याच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते, आत पिशव्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत हमाल पळत असतात, पायाखाली लाल टरफलांचा थर असतो आणि शेकोटीपाशी रात्र काढलेली माणसं लिलावाची वाट बघत असतात. हंगामात लासलगावपेक्षाही जास्त आवक इथं होते असे दिवस येतात. आणि तिथून रिक्षानं थोड्याच वेळात तुम्ही पूर्व भागात पोचता. तिथं एका घरातून यंत्रमागाचा खडखडाट येत असतो आणि शेजारच्या दारात बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. एकीकडं कांदा पिकवणारे, दुसरीकडं हजार विड्यांमागं मजुरी मिळवून त्यातून पाव-अर्धा किलो कांदा घेणारे.

2023 हे वर्ष या गावानं काय काय बघितलं ते एकदा ओळीनं मांडतो. फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं याच यार्डात 512 किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. विधानसभेत गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं 1 फेब्रुवारी ते 31 मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागं 350 रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागं 200 क्विंटलपर्यंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, भाव जरा कुठं वर यायला लागले तेव्हा, केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावानं माल बाहेर पाठवायचा नाही. आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद.

माझा मावसभाऊ मोहोळ तालुक्यात कांदा करतो. 8 डिसेंबरला शुक्रवार होता. आदल्या रात्री त्याच्या एकशे दहा पिशव्या यार्डात उतरल्या होत्या. सकाळी फोन आला, "दादा, बंदी घातली म्हणत्यात. खरं हाय का?" मी टीव्ही लावला. खरं होतं. पुढच्या दहा-बारा दिवसांत भाव जवळपास निम्म्यावर आला.

शहरातल्या वाचकांना इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती बरीच उशिरा कळली. नाशिककडचा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. भाव पडले तर शेतकरी थोडं थांबू शकतो. सोलापूरच्या यार्डात डिसेंबरात येतो तो मुख्यतः खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो साठत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे डिसेंबरातली बंदी ही थांबायची ताकद असलेल्यावर पडत नाही. जो थांबूच शकत नाही, नेमका त्याच्यावर पडते.

निर्यातबंदी हा वित्तीय धोरणाचा भाग कसा, असं एखादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक विचारेल. ऑगस्टमधलं 40 टक्के शुल्क तर सरळ करच होता. बंदी म्हणजे त्याच कराचं शेवटचं टोक, फक्त तिजोरीत एक पैसाही जमा न होणारं. बाहेर 40 रुपयांना जाऊ शकणारा माल आत 20 रुपयांना विकायला लावला, तर मधले 20 रुपये हे शेतकऱ्यानं शहरातल्या ग्राहकाला दिलेलं अनुदान झालं. ते सरकारनं दिलं असतं तर अर्थसंकल्पात त्याची ओळ असती, संसदेत प्रश्न आले असते, महालेखापालांनी तपासलं असतं, तुटीच्या टक्क्यात ते दिसलं असतं. बंदीचा खर्च कुठल्याच कागदावर नसतो. म्हणून तर ती सगळ्या सरकारांना आवडते. हे पक्षाचं राजकारण म्हणून मी लिहीत नाही, आधीच्या सरकारांनीही हेच केलंय. पण ती बंदी 2024 मध्ये 4 मे रोजी उठली आणि सोलापूर-माढ्याचं लोकसभेचं मतदान 7 मे रोजी होतं, हा योगायोग आमच्या यार्डात अजून हसत हसत सांगितला जातो.

भाव खाली आणायचा सरळ मार्गही त्याच वर्षी दिसला होता. केंद्रानं उन्हाळ्यात घेऊन ठेवलेला कांदा ऑगस्टपासून शहरांत 25 रुपये किलोनं विकला. त्यातला तोटा किंमत स्थिरीकरण निधीतून गेला, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. प्रमाण लहान होतं, वाटपाबद्दल तक्रारीही पुष्कळ होत्या. पण बिल योग्य माणसाच्या नावावर फाटलं होतं.

आता दुसरी बाजू. माझ्या गल्लीतल्या अक्का चाळीस वर्षं विड्या वळतायत. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायचं, धागा बांधायचा, संध्याकाळी टोपलीत घालून विडी कारखान्याच्या ब्रँचला न्यायचं. तिथं छाट निघते, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. कांदा 70-80 रुपये होतो तेव्हा त्यांच्या घरातून तो जातो, इतकं साधं आहे. त्यांना कुणी सांगितलं की शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, तर त्या म्हणतील, मिळू दे की ओ, पण मी कुठून देऊ? आणि त्यांचं बरोबर आहे. कांदा स्वस्त नकोच असं मी म्हणत नाही. अक्कांना कांदा स्वस्त मिळावा म्हणून माझ्या मावसभावानं स्वतःच्या खिशातून पैसे का घालायचे, एवढंच विचारतोय. दोघंही गरीब. मधे जो माझ्यासारखा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा आहे, त्याला मात्र या व्यवहारात काहीच झळ लागत नाही. उलट त्यालाही कांदा स्वस्त मिळतो.

अक्कांना 2024 च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येतात. हे पैसे वाटल्यामुळं महागाई वाढली, असं आमच्या ऑफिसात दिवसातून एकदा तरी कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा चहा असतो आणि त्याला स्वतःला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढून मिळतो, पण ते असो. आकडा बघू. योजना जाहीर करताना वर्षाला 46,000 कोटी रुपयांचा अंदाज दिला होता. राज्यातल्या सगळ्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न साधारण 45 लाख कोटींच्या घरात. म्हणजे शंभरात एक रुपया. एवढ्यानं राज्यभर भाव भडकत नाहीत. आणि ते पैसे जातात कुठं हेही बघायला हवं. अक्कांनी त्यातून नातवाला दप्तर घेतलं, दोन टॉवेल घेतले. गावातले कितीतरी माग अर्धवेळ चालतात. मागणी आली तर ते पूर्ण पाळी चालतील, टॉवेल महागणार नाही. माल वाढू शकतो तिथं वाटलेल्या पैशानं उत्पादन वाढतं. माल वाढू शकत नाही तिथं, म्हणजे भाजीत, घरभाड्यात, खासगी शिकवणीच्या फीमध्ये, त्यानं भाव वाढतो. सगळ्या खर्चाला एकच नियम लावणारे लोक हा फरक विसरतात.

माझी तक्रार निराळी आहे. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेला 36,000 कोटी ठेवले आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींची. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज. बहिणीला ओवाळणी द्यायची तर भावानं आपल्या खिशातून द्यावी. इथं भाऊ तिच्याच नातवाच्या नावावर कर्ज काढतोय. ज्यांच्याकडं आहे त्यांच्यावर कर बसवून हे पैसे दिले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. कर वाढवायचं धाडस नाही आणि द्यायचा मोह सुटत नाही, यातून जी फट पडते ती शेवटी कुठल्यातरी भावात निघते.

आणि एका हातानं दिलेलं दुसरा हात कसा काढतो तेही अक्कांच्याच घरात दिसलं. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेलं. शंभर रुपयांच्या आयात तेलावर 22 रुपये जादा. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळं देशी तेलही त्याच पावलानं चालतं. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरात ऐंशी-नव्वद रुपयांचा फटका. "काय ओ सर, बहिणीचे पैसे यायला आणि तेल चढायला एकच गाठ," असं अक्का म्हणाल्या. त्यांचे 1500 तेलात गेले असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण हे शुल्क लावलं कशासाठी? बार्शी, लातूरच्या सोयाबीनवाल्याला हमीभाव मिळावा म्हणून. हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. बाजारात मात्र त्या हंगामात सोयाबीन हमीभावाच्या खालीच रेंगाळलं. पुढं 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. शेतकऱ्याला आधार हवा होता तर सरकारनं हमीभावानं खरेदी वाढवायची होती. त्याला पैसे लागतात, गोदामं लागतात. शुल्काची अधिसूचना काढायला एक कागद लागतो.

आमच्या चादरीचीही हीच कथा आहे. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात कापसावर 11 टक्के आयात शुल्क आलं. पुढच्या वर्षी कापूस खंडीला, म्हणजे 356 किलोला, लाखाच्या वर गेला, सूत भडकलं, तेव्हा एप्रिल 2022 मध्ये ते काही महिन्यांसाठी काढलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क जाहीर केल्यावर पुन्हा काढलं. विदर्भातला कापूसवाला एकदा ओरडतो, सोलापूरचा मागवाला एकदा ओरडतो.

पण सगळ्यात बोचरं उदाहरण डिझेलचं. 2019 च्या सप्टेंबरात कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. सरकारनंच तेव्हा सांगितलं की यात वर्षाला 1.45 लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल. पुढं करोना आला, तिजोरी रिकामी झाली, जगात तेलाचे भाव कोसळले. त्या स्वस्ताईचा फायदा पंपावर पोचायच्या आत केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क मार्चमधल्या 15 रुपये 83 पैशांवरून दोन टप्प्यांत, मेपर्यंत, 31 रुपये 83 पैशांवर नेलं. लिटरमागं 16 रुपये. पुढं तेल महागलं तेव्हा हा कर तसाच डोक्यावर होता. नोव्हेंबर 2021 मध्ये 10 रुपये आणि मे 2022 मध्ये 6 रुपये कमी झाल्यावर तो जिथून निघाला तिथं परतला. मधली दोन वर्षं मोहोळहून यार्डाला येणाऱ्या टेम्पोच्या भाड्यात, यार्डातून हैदराबादला जाणाऱ्या ट्रकच्या भाड्यात आणि शेवटी अक्कांच्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूत तो कर बसून होता. आपली महागाई आपणच कर म्हणून भरली. महामारीत सरकारला पैसा हवा होता हे मान्य. पण तो नफ्यावरच्या करातून कमी घ्यायचा आणि डिझेलवरच्या करातून जास्त घ्यायचा, ही निवड होती. आभाळातून पडलेलं संकट नव्हतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मला तुटीची फिकीर नाही. आहे. श्रीलंकेनं 2019 च्या डिसेंबरात मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला, महसूल कोसळला, खड्डा मध्यवर्ती बँकेच्या नोटांनी भरला, त्यात रासायनिक खतबंदीचा अविचार आणि पर्यटन ठप्प. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जफेड थांबली आणि सप्टेंबरात कोलंबोतली महागाई 70 टक्क्यांना टेकली. आपल्याकडंही 1955 पासून सरकारला गरज पडली की तदर्थ ट्रेझरी बिलं, म्हणजे थोड्या मुदतीची कर्जपत्रं, देऊन रिझर्व्ह बँकेकडून जवळपास आपोआप पैसा मिळायची सोय होती. ती 1997 मध्ये बंद केली ते फार शहाणपणाचं झालं. 2003 च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानं त्याला आणखी कुंपण घातलं.

तरीही नुसत्या टक्क्यावरून महागाई सांगता येत नाही. 2008-09 मध्ये अर्थसंकल्पात देशाच्या उत्पन्नाच्या 2.5 टक्के ठरवलेली केंद्राची तूट 6 टक्क्यांवर गेली. शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, जागतिक मंदीवरचा उतारा, सगळं एकदम आलं. पुढच्या वर्षी औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार महागाई 12 टक्क्यांवर पोचली. 2020-21 मध्ये तूट 9 टक्क्यांच्या वर गेली, किरकोळ महागाई मात्र 6 च्या आसपास राहिली. दोन्ही वेळची मापं वेगळी आहेत आणि करोनात लोक घरात कोंडलेले होते, मागणीच मेली होती, हे धरूनही फरक मोठा आहे. माझ्या मते त्यातला एक भाग असा की 2020 मधला सरकारी खर्च बऱ्याच अंशी धान्याच्या रूपात लोकांकडं गेला. गोदामं भरलेली होती, रेशनवर माणशी 5 किलो जादा धान्य फुकट मिळालं. रुपया गेला तिथं सोबत गहू-तांदूळही गेला. 2009 मध्ये हातात पैसा आला, पण डाळ, दूध, अंडी त्या वेगानं आली नाहीत.

महाराष्ट्रानं हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय, आणि लोक ते साफ विसरलेत. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. खडी फोडायला गेलेल्या बायांना मजुरी मिळाली, त्यातून पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झालं. हा पैसा आणायचा कुठून? सरकारनं 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. आजही माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 अशी ती कपात असते. ऑफिसातल्या नव्या पोरांना ती कशाची हे माहीत नसतं. ती शहरानं खेड्याला दिलेल्या कामाच्या पैशाची आहे. ज्याच्याकडं होतं त्याच्याकडून घेतलं, ज्याच्याकडं नव्हतं त्याला कामाच्या बदल्यात दिलं, आणि त्या कामातून पुढं पाणी आणि पीक निघालं. तुटीची टक्केवारी मोजणाऱ्यांनी ही चिठ्ठी एकदा बघावी.

पैसा मालाच्या बाजूनं लावायचे प्रयत्न अलीकडंही झाले. 28 डिसेंबर 2020 ला आमच्याच जिल्ह्यातल्या सांगोल्याहून शंभरावी किसान रेल्वे बंगालमधल्या शालिमारला गेली. पंतप्रधानांनी दुरून झेंडा दाखवला. फळं-भाज्यांना भाड्यात 50 टक्के सवलत होती. डाळिंब पाठवणाऱ्यांचा खर्च कमी आणि तिकडच्या ग्राहकाचा भावही कमी, असा हा खर्च. आता ती गाडी कधी येते, हे सांगोल्याच्या स्टेशनावर कुणी जाऊन विचारावं.

ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्क्यावर उतरली. 2012 च्या पायावरच्या मालिकेतला तो नीचांक. खाद्यपदार्थांचे भाव तर वर्षभरापूर्वीपेक्षा 5 टक्क्यांनी खाली होते. सप्टेंबरात वस्तू-सेवा कराचे दर कमी झाले होते, त्याचाही हातभार होता. टीव्हीवर आनंदीआनंद. त्याच्या महिनाभर आधी सीना नदीच्या पुरानं माढा, करमाळा, मोहोळमधली शिवारं मातीसकट वाहून नेली होती. अन्न 5 टक्क्यांनी स्वस्त, याचा अर्थ पिकवणाऱ्याच्या घरात काय होतो हे त्या आकड्यात दिसत नाही. पीक हातात आलेल्याला भाव नाही आणि पीक वाहून गेलेल्याला स्वस्ताईचा उपयोग नाही.

मग करायचं काय? माझी मागणी फार मोठी नाही. सरकारला टंचाईच्या वर्षी कांदा अडवायचा हक्क असू द्या, अक्कांचाही विचार करावाच लागतो. पण ज्या दिवशी शुल्क किंवा बंदी लागेल त्या दिवसापासून यार्डातल्या पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या पावतीवर, क्विंटलमागं ठरलेली भरपाई छापून यावी आणि ती केंद्राच्या तिजोरीतून जावी. यंत्रणा नाही असं कुणी म्हणू नये. 2023 मध्ये राज्यानं 350 रुपयांचं अनुदान पट्टी बघूनच दिलं होतं. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून कितीतरी लोक त्यातून वगळले गेले, ती चूक टाळता येईल. हा खर्च तुटीत दिसेल, वित्तमंत्र्यांना तो कशातून भागवायचा हे सांगावं लागेल, आणि कदाचित माझ्या पगारातून आणखी शंभर रुपये कापले जातील. कापा. एवढं झालं की बंदी घालण्याआधी दिल्लीत कुणीतरी गणित मांडून बघेल. आज ते मांडावंच लागत नाही, कारण त्या गणिताच्या उजव्या बाजूला सरकारसाठी शून्य असतं.

वडिलांची सक्तीची ठेव पुढं हप्त्याहप्त्यानं व्याजासकट परत मिळाली. त्यातून आमच्या घरी शिलाई मशीन आलं, ते आई अजून वापरते. गेल्या दिवाळीत मावसभावाकडं गेलो होतो. त्यानं देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या डिसेंबर 2023 च्या पट्ट्या काढून दाखवल्या. मी चष्मा लावून एकेक बघत गेलो. हमाली आहे, तोलाई आहे, गाडीभाडं आहे, बारदानाचे पैसे आहेत. बंदीचे किती गेले, ते कुठल्याच पट्टीवर नाही.